मामांच्या खाजेचं माप

"मापात बोल," असं म्हणत मामा शर्टाच्या कॉलरमधून स्टीलची फूटपट्टी पाठीत सोडायचे. पट्टी कमरेपर्यंत जायची, वर यायची, पुन्हा जायची, आणि डोळे मिटून मामा समोरच्याचं ऐकून घ्यायचे. नवख्या माणसाला वाटायचं, हे गृहस्थ तलवार म्यान करतायत. आम्हाला सवय होती. पट्टी थांबली की आम्हीच घाबरायचो.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. आपल्यापेक्षा वयानं मोठा आणि ज्याच्याकडून घेतलेली तंबाखू कधी परत द्यायची नसते, तो कोल्हापुरात मामा. उद्यमनगरात ऑइल इंजिनाचे भाग करणारा आमचा कारखाना होता. मी लेथवर, मामा तपासणीच्या टेबलावर. आम्ही कातलेला प्रत्येक नग त्यांच्या हाताखालून जायचा आणि त्यांनी मान हलवली तरच तो नग म्हणवून घ्यायचा. एरवी तो भंगार.

"मामा, केसभरच जास्त झालाय," असं कुणी म्हटलं, की ते विचारायचे, "कुणाच्या केसाभर? तुझ्या, का म्हशीच्या?"

हा माणूस बाजारातही असाच वागायचा. भाजीवाली म्हणाली, "घ्या की मामा, ताजी हाय," की हे म्हणणार, "किती ताजी?" ती बिचारी आकाशाकडं बघायची. घरी मामींनी आमटीत चिमूटभर मीठ घातलं, तर ती चिमूट आधी उघडून दाखवावी लागायची, असं मी ऐकलंय. ऐकलंय म्हणजे मीच सांगत फिरायचो, पण मामींनी कधी नाही म्हटलं नाही.

अशा माणसाला देवानं काय द्यावं? जिचं माप निघत नाही, ती खाज.

नव्वदच्या दशकातल्या सुरुवातीच्या वर्षांतली ही गोष्ट. खाज आधी तळपायाला सुटली, मग तळहाताला, मग सगळ्या अंगाला. आणि गंमत म्हणजे अंगावर काहीच नाही. पुटकुळी नाही, चट्टा नाही, पुरळ नाही. असतील ते त्यांच्याच नखांचे ओरखडे. त्यामुळं झालं काय, की मामांवर कुणाचा विश्वास बसेना, पण भीती मात्र सगळ्यांना वाटू लागली. डब्याच्या सुट्टीत जो तो आपला डबा घेऊन हळूच सरकायचा. "मामा, तुम्हाला काय झालेलं न्हाय ओ," असं म्हणत म्हणत सरकायचा.

उपाय मात्र सगळ्यांकडं तयार. कोल्हापुरात एकवेळ पत्ता विचारला तर चुकीचा सांगतील, पण औषध विचारलं तर चार माणसं गाडी थांबवून सांगतील. कुणी कडुलिंबाच्या पाल्यात बसवलं, कुणी ताकात बुडवलं. एकानं सांगितलं, तांबडा रस्सा बंद करा. मामांनी तोही सोडला. आमच्याकडं माणूस घर सोडतो, गाव सोडतो, बायकोसुद्धा सोडतो, पण तांबडा रस्सा सोडला म्हणजे रेशनकार्डावरचं नाव कमी केल्यासारखंच. मामा निव्वळ पांढऱ्या रश्शावर कित्येक महिने जगले, आणि खाज मात्र तिखटाची तिखटच राहिली.

खरा घोळ झोपेचा होता. रात्री मामा खाजवायचे, त्यानं लोखंडी खाट हलायची, आणि हलता हलता खाट चालायची. झोपताना ती भिंतीला असायची, सकाळी दाराशी सापडायची. खालच्या मजल्यावरचे घरमालक एकदा वर येऊन विचारून गेले, "खोली सोडताय काय? रोज सामान सरकवल्याचा आवाज येतोय." मामींनी मग अंथरूण स्वयंपाकघरात हलवलं. तिथंही त्यांना झोप येईना, कारण नवरा जागा आहे हे कान सोडेनात. सकाळी दोघंही असे दिसायचे, की रात्रभर आळीपाळीनं विहीर खणलीय.

मग मामा टेबलावर पेंगायला लागले. हातात मायक्रोमीटर, डोळे मिटलेले. एकदा त्या पेंगेत चुकीचा नग मान हलवून पास झाला. मानच हलली होती, पण ती झोपेनं. माल गिऱ्हाइकाकडून परत आला. मालक माणूस वाईट नव्हता, पण आवाज पिठाच्या गिरणीवर मोठा झालेला.

"मामा, आता आणिक एक जरी नग परत आला, तर टेबल सोडायचं आन् गेटवर बसायचं. तिथं काय खाजवायचं ते खाजवा!"

मामांचं तोंड मी त्या दिवशी पाहिलं. घरी आग लागलीय असं सांगितलं असतं तर त्यांनी आधी किती लागलीय हे विचारलं असतं. पण गेटवर? "गेटवर येणारं माणूस आत येतंय न्हाईतर येत न्हाय," ते मला म्हणाले. "त्यात मोजायचं काय, सांग की लेका?"

म्हणून आम्ही डॉक्टरांकडं गेलो. मी बरोबर गेलतो, कारण मामांचे दोन्ही हात कामात असायचे.

डॉक्टर तरुण होते, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी विचारलं, "खाज किती आहे? शून्य ते दहामध्ये सांगा."

"दहा म्हंजे केवढी?"

"सहन होणार नाही इतकी."

"कुणाला?"

"तुम्हालाच हो."

"मला सहन होतीया म्हणून तर हितं बसलोय. मग दहा कोण?"

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. "बरं, पाच लिहू?"

"लिहू काय? मोजा की!"

"खाज मोजायचं यंत्र नसतं, मामा. झोप लागते का?"

"लागतीया. पण अंगी लागत न्हाय."

डॉक्टरांनी मलम दिलं, खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "मनावर घेऊ नका. कमी झाली का ते पुढच्या वेळी सांगा."

बाहेर आल्यावर मामा पायरीवर बसले. "कमी म्हंजे कशापरीस कमी? आज किती हाय हेच त्यानं घेतलं न्हाय. मनावर घेऊ नका म्हंतोय. त्याला वाटतंय मी नाटक करतोय." त्यांना खाजेपेक्षा हे जास्त झोंबलं होतं. आयुष्यभर माणूस दुसऱ्याचं काम मापात बसतं का बघत आला, आणि आता त्याचं दुखणं कुणाच्या मापात बसत नव्हतं. माप नाही म्हणून कुणी मानत नाही. मानत नाही म्हणून उपाय नाही, उपाय नाही म्हणून झोप नाही, आणि झोप नाही म्हणजे गेट.

दुसऱ्या दिवशी मामा माझ्या लेथपाशी आले. डोळे लाल, पण चेहऱ्यावर तेज. "गड्या, आपल्याला मास्टर पायजे."

मास्टर म्हणजे काय ते सांगतो. कारखान्यात मापाची सगळी हत्यारं असतात, पण ती हत्यारं तरी खरी कशावरून? त्यासाठी एक अस्सल नमुना लाकडी पेटीत कापसावर निजवून ठेवलेला असतो. तो मास्टर. त्याला कुणी कामाला लावत नाही, त्याच्यावर ओरडत नाही. फक्त अधूनमधून बाकीच्यांना त्याच्याशी ताडून बघतात. कारखान्यात असा मान मालकाच्या सासऱ्यालाही नसतो.

"एक अस्सल खाज हुडकायची," मामा म्हणाले. "ती डॉक्टरला लावायची. मग माझी तिच्यापेक्षा किती जास्त ते सांगायचं. मग कसा मानत न्हाय बघतो."

पहिला प्रयोग माझ्यावर. माझ्या सासऱ्यांचा ऊस बिद्रीला. उसाच्या पाल्याची कूस, म्हणजे काट्यासारखी बारीक लव, अंगाला लागली की काय होतं, हे ज्यानं भोगलंय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं भोगलं नाही त्यानं साखर खाऊ नये. मामांनी मला उघडं करून उसात सोडलं आणि स्वतः बांधावर बसले.

"आता किती?" बांधावरून आवाज.

"लई!"

"मापात बोल!"

मी सरीतून पळतोय, अंग ओरबाडतोय, मामा बांधावरून पट्टीनं इशारे करतायत, आणि तेवढ्यात सासरे वैरणीचा भारा घेऊन आले. जावई उघडाबंब, उसात नाचतोय.

"जावईबापू, काय हरवलंय?"

"खाज मोजतोय."

सासऱ्यांनी एकदा बांधावरच्या मामांकडं बघितलं. भारा तिथंच टाकून घरी गेले आणि माहेरी आलेल्या आपल्या लेकीला बराच वेळ जवळ घेऊन बसले, असं बायकोनं नंतर सांगितलं.

मी विहिरीवर आंघोळ केली आणि खाज गेली. मामा नाराज. "आंघोळीनं जाणारी खाज, ती कसली खाज? ती पावणी. माझी घरची हाय. आपल्याला टिकाऊ माल बघाय पायजे."

टिकाऊ माल मिळाला गगनबावड्याला. थंडीचे दिवस होते. घाटातल्या झाडोऱ्यात खाजकुयलीच्या शेंगा वाळून लटकलेल्या. मखमली दिसतात, सोनेरी, एखाद्या नव्या नवरीच्या दागिन्यासारख्या. त्यावरची लव अंगाला लागली की माणूस आपलं नाव, गाव आणि जात विसरतो. मामांनी चिमट्यानं शेंगा तोडून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातल्या. मी म्हटलं, झाकण घट्ट लावा. त्यांनी लावलंही. पण आधी खिळ्यानं झाकणाला भोकं पाडली.

"भोकं कशाला, मामा?"

"लेका, गगनबावड्याची हवा ही. ओल धरली की मास्टर बिघडतोय. वारं खेळतं पायजे."

 चाळीस वर्षांचा नसतो तर मी रडलो असतो. गंज लागू नये म्हणून खाजकुयलीला हवा देणारा माणूस या पृथ्वीवर एकच, आणि मी त्याच्या बरोबर यष्टीत बसलो होतो.

डबा वरच्या फळीवर ठेवला. गाडी माणसांनी गच्च. घाटमाथा सोडला आणि रस्त्यानं आपलं काम सुरू केलं. गाडी एकेका खड्ड्यात उडायची आणि डब्यातून, मिठाच्या शेकरमधून सांडावी तशी, लव भुरभुरायची. त्यात खिडकीतून वारं.

सगळ्यात आधी पुढच्या बाकावरच्या मिशीवाल्या बाबांनी मान चोळली. मग त्यांच्या शेजारच्या बाईनं पदर झटकला. मग कंडक्टर. तिकिटाचा पंच त्यानं तिकीट सोडून पाठीवर चालवायला सुरुवात केली. बघता बघता सगळी गाडी उठली. कुणी खांबाला पाठ घासतोय, कुणी बाकाला. एकमेकांची ओळख ना पाळख, पण "पावणं, जरा हितं खाजवा की," "तुमी माझं खाजवा, मी तुमचं खाजीवतो," असा मोठा बंधुभाव पसरला. कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या निवडणुकीतसुद्धा अशी एकी मी पाहिलेली नाही. मुलगी बघायला निघालेली एक मंडळी होती, त्यांच्यातल्या नवरदेवानं पहिल्यांदा टाय काढला, मग शर्ट, आणि पुढं त्याच्या आईनं त्याला अडवलं. म्हातारी एक ओरडत होती, "कुणाची तरी हाय लागलीया गाडीला!" मी तर स्वतःला इतकं ओरबाडत होतो की मला वाटलं, आता आतला माणूस बाहेर पडणार. खोटं वाटत असेल तर सोडून द्या, पण गाडीसुद्धा एका बाजूला कलून झाडाला अंग घासू बघत होती.

आणि मामा?

मामा माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले होते. गाढ. तोंड उघडं, दोन्ही हात मांडीवर उपडे पडलेले. इतक्या वर्षांत ते हात रिकामे मी पहिल्यांदा बघत होतो.

कळे गावाच्या अलीकडं ड्रायव्हरच्याही कॉलरीत लव गेली. त्यानं गाडी कडेला घेतली आणि सगळ्यांच्या आधी उडी टाकली. शेतात मोटर चालू होती. सगळी गाडी कपड्यांसकट त्या पाण्याखाली. कंडक्टर, नवरदेव, म्हातारी, सगळे. शेताचा मालक धावत आला आणि एवढी माणसं एकदम आंघोळ करताना बघून टोपी काढून उभा राहिला. त्याला वाटलं, कुणीतरी मोठं माणूस गेलं.

मी भिजून परत आलो, तर मामा जागे होत होते. "कोल्हापूर आलं?"

"तुमचा मास्टर सांडला, मामा! सगळी गाडी खाजवून मेली!"

त्यांनी बाहेर बघितलं. शरम वाटेल म्हटलं, तर चेहरा उजळला. "सगळ्यांना एकसारखीच सुटली?"

"व्हय."

"म्हंजे मास्टर खरा हाय!"

मग थोडा वेळ गेल्यावर मी विचारलं, तुम्हाला झोप कशी लागली? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एवढी वर्सं मी एकलाच जागा हुतो रं. आज सगळी गाडी जागी झाली. म्हटलं, शिफ्ट बदलली. राखणीला माणसं आली, आता आपुन डोळा लावाय हरकत न्हाय."

उरलेल्या शेंगा घेऊन आम्ही पुन्हा त्या डॉक्टरांकडं गेलो. मामांनी टेबलावर पांढरा कागद पसरला, चिमट्यानं एक शेंग ठेवली आणि म्हणाले, "डॉक्टर, ही एक मानू. माझी हिच्यापेक्षा जास्त. तुमी एकदा लावून बघा, म्हंजे आपलं दोघांचं एका मापात बोलणं हुईल."

डॉक्टर म्हणाले, "काहीतरीच काय," आणि बोलता बोलता शेंग बाजूला सारायला गेले. हातानं.

पुढची काही मिनिटं मी सांगत नाही, डॉक्टरांचा अजून दवाखाना आहे. पण मनगट खाजवता खाजवता त्यांनी खुर्ची मामांच्या जवळ ओढली. "मामा, ही अशी... रात्रंदिवस?"

"रातीला जास्त."

"तळहात, तळपाय?"

"तिथंच लई."

"आणि अंगावर कधीच काही उठलं नाही?"

"न्हाय म्हणून तर कुणाला पटत न्हाय."

डॉक्टरांनी मामांना खिडकीपाशी उजेडात उभं केलं आणि खालची पापणी ओढून डोळे बघितले. मग बसून चिठ्ठी लिहिली. खाजेनं हात असा थरथरत होता की त्यांचं अक्षर आयुष्यात पहिल्यांदा वाचता आलं. रक्त तपासायला सांगितलं होतं.

खाज कातडीत नव्हतीच. आत, पित्ताच्या वाटेत अडथळा होता आणि बाहेर पडायचं ते पित्त रक्तात फिरत होतं. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो, तर मामा खाटेवर झोपलेले आणि खाली सतरंजीवर मामी झोपलेल्या, चप्पलसुद्धा न काढता. नर्स म्हणाली, "पेशंटला उठवता येतंय, पण बाई काय उठत न्हाईत."

मामा टेबलावर परत आले, ते डोळे लख्ख उघडे ठेवूनच. मालकानं गेटचा विषय पुन्हा काढला नाही. पाठीत जाणारी पट्टी आता फक्त टेबलावर असायची आणि नवीन पोरांना आम्ही जुन्या गोष्टी सांगितल्या तर ती हसायची. मामा चिडून म्हणायचे, "हसा. तुमाला काय खाज किती असती ठावं न्हाय."

पुढं मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत गेलो. तिथं मापं यंत्र घेतं, कुणी कुणाला म्हशीचा केस विचारत नाही. मामा निवृत्त झाले आणि वरची खोली सोडून गल्लीत तळमजल्यावर राहायला आले. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडं चक्कर टाकायचो. निवृत्तीत लोक नातवंडं सांभाळतात, देवदेव करतात. मामा झोपायचे. जेवून झोपायचे, उठून चहा घेऊन झोपायचे. एखादा मल्ल मेहनत करतो तशा निष्ठेनं. "मागची बाकी भरून काढतोय," म्हणायचे. मामी गल्लीत अभिमानानं सांगायच्या, "आज कुकरच्या शिट्टीनंबी उठले न्हाईत."

एका रविवारी सकाळी गेलो, तर मामी उंबऱ्यावर बसून मेथी निवडत होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

"झोपलेत. बस हितंच."

मी पायरीवर बसलो. त्यांनी आतून चहा आणून दिला. इकडचं तिकडचं बोललो, कागलच्या पगाराचं, माझ्या पोरीच्या शाळेचं. शेजारच्या काकू भांडं मागायला आल्या, त्यांना मामींनी सांगितलं, "मागनं या, निजलेत." काकू गेल्या. ऊन पायरीवर आलं.

"लई वेळ झोपले आज," मी म्हटलं. "उठवू का?"

मामींचा हात मेथीत थांबला.

"पहाटंच गेलेत रं," त्या म्हणाल्या. "मी हात लावून बघितलाय. लेकाला पुण्याला निरोप धाडलाय. पर एकदा सांगितलं, की गलका हुणार, माणसं येणार, हलवणार. म्हटलं, त्यो येईस्तवर तरी निजू देत."

मी दारातून आत पाहिलं. मामा कुशीवर होते, पांघरूण खांद्यापर्यंत, एक हात गालाखाली, दुसरा उशीवर सैल पडलेला. खाट भिंतीला लागून. मी परत येऊन पायरीवर बसलो. मामींनी मेथीची जुडी सोडून अर्धी माझ्यापुढं सरकवली आणि आम्ही दोघं निवडू लागलो.

गल्लीच्या तोंडाशी कुणाची तरी फटफटी फडफडत आत वळली. मी उठून रस्त्यात उभा राहिलो आणि हातानंच सांगितलं, हळू.